जुन्या फियाटला नवी रबरं बसवताना

परभणीत मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. त्याच उन्हात दारांची आणि काचांची रबरं कडक होऊन तडकतात. मग पावसाळ्यात पायाखालची चटई ओली, आणि बाकी वर्षभर डॅशबोर्डवर काळ्या मातीचा धुरळा. पद्मिनीचं, म्हणजे या जुन्या फियाटचं, कंपनीचं रबर आता मिळत नाही, नमुन्यावरून काढलेलं घ्यावं लागतं. ते बसतं, पण घाई चालत नाही.

जुनं रबर काढलं की फेकू नका. त्याचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्या आणि कापलेली बाजू नव्या रबराच्या कापलेल्या बाजूला लावून बघा. पोकळी, पाळ, खाच जुळली तरच घ्या. साध्या रबरापेक्षा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर घ्यावं, ऊन जास्त सोसतं.

रबराखालचा पत्रा बघा. गंज बहुतेक तिथंच लपलेला असतो. खरवडून प्रायमर आणि रंग द्या, रंग पुरता वाळू द्या. वाकलेली कड आधी सरळ करा, नाहीतर कितीही चांगलं रबर लावलं तरी तिथून पाणी येणारच.

दाराचं रबर आधी सोल्यूशन न लावता बसवून दार लावून पाहा. मग सकाळी नऊच्या आत चिकटवा, कारण दुपारी तापलेल्या पत्र्यावर सोल्यूशन पसरायच्या आधीच वाळतं. दोन्हीकडे पातळ हात द्या, बोटाला तार सुटेनाशी झाली की दाबा. आणि रबर ओढू नका! मी पहिल्यांदा कोपऱ्यावरून ताणून बसवलं, छान घट्ट दिसलं. दिवाळीपर्यंत रबर आखडलं आणि जोडात दोन बोटांची फट पडली. आता मी बोटभर जास्त ठेवून कापतो आणि जोड खाली, उंबऱ्याच्या बाजूला घेतो.

समोरच्या काचेला दोन माणसं लागतात. रबर आधी काचेवर चढवा. पत्र्यात बसणाऱ्या खाचेत चार मिलिमीटरची नायलॉनची दोरी चौफेर भरा, टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून फूटभर घ्या. साबणाचं पाणी भरपूर लावा. रॉकेल किंवा ग्रीस अजिबात नको, तेलानं ईपीडीएम फुगतं. एकानं बाहेरून काच तळहातानं दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरीबरोबर रबराची पाळ पत्र्याच्या कडेवरून आत येते. कोपऱ्यात अडलं तर परत साबण लावा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. काच तिथंच तडकते.

तपासायला रबराला खडू घासा आणि दार लावून उघडा. चौकटीवर जिथं खडू उमटला नाही, तिथं रबर टेकत नाही. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून ओढूनही बघा, सहज निघाली तर तिथून धुरळा येणार. शेवटी नळीचं पाणी खालून वर मारत जा. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

पहिले काही दिवस दार जोरात लावावं लागेल. रबर दबेपर्यंत चौकटीवरची लॉक अडकायची पट्टी सरकवू नका.