काळी माती स्क्रीनवर बुडते तेव्हा: गॅमा तपासायची रीत

रावेरकडच्या केळीच्या बागेतला दुपारचा फोटो: वर पानांवर लख्ख ऊन, खाली काळी माती. स्क्रीनवर मातीचा नुसता काळा डाग दिसला की हात लगेच फोटो उजळायला जातो आणि छापून आल्यावर तीच माती राखेसारखी निघते. फोटोला हात लावण्याआधी स्क्रीन तपासा.

फाइलमधला आकडा आणि स्क्रीनवरचा उजेड यांचं नातं म्हणजे गॅमा. 0 ते 255 मधला 128 पांढऱ्याच्या निम्मा उजेड देत नाही, गॅमा 2.2 असेल तर जेमतेम 22 टक्के देतो. निम्म्या उजेडाला 186 लागतो. अंधारातले बारीक फरक डोळ्याला जास्त कळतात, म्हणून 8 बिटातल्या (म्हणजे 0 ते 255 या) आकड्यांपैकी जास्त आकडे मुद्दाम अंधाऱ्या भागाला दिलेले असतात.

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्रानुसार उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा. एक चौकोन घ्या: डाव्या अर्ध्यात एक-एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा, उजव्यात 186 चा सपाट करडा. चित्र 100 टक्क्यांवरच ठेवा, नाहीतर रेघा विस्कटतात आणि तपासणी खोटी ठरते. सहा-सात फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहा. दोन्ही भाग एकजीव झाले तर गॅमा 2.2 च्या आसपास, म्हणजे बरोबर आहे. करडा उजळ वाटला तर गॅमा कमी आहे, सगळं फिकं दिसणार. करडा गडद वाटला तर गॅमा जास्त; माती इथेच बुडते.

दुरुस्ती मॉनिटरच्या मेनूतल्या गॅमाने करा. तिथे सोय नसेल तर विंडोजचं कलर कॅलिब्रेशन वापरा. ब्राइटनेस वाढवून हे सुटत नाही. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन जरा कलली तरी गॅमा बदलतो. आधी कोन पक्का करा.

मग पूर्ण काळ्यावर 5, 10, 15 चे चौकोन काढा. निदान 10 दिसायलाच हवा. मे महिन्यात स्टुडिओचं दार उघडं असेल तर बाहेरचा उजेड काचेवर पडून हे चौकोन पुसले जातात, आणि दोष मात्र मॉनिटरला मिळतो. दाराचा पडदा ओढून पुन्हा पाहा.

एवढं करूनही माती बुडालेलीच असेल तर फोटो एडिटरच्या लेव्हल्समधला (काळं, मधलं, पांढरं ठरवणारी सोय) मधला काटा 1.00 वरून 1.20 पर्यंत न्या. काळं-पांढरं टोक जागेवर राहतं. हे रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली नोंद) किंवा 16 बिट (जास्त आकड्यांच्या) फाइलवर करा. जेपेग 8 बिटांचं असतं; अंधाराला जास्त वाटा मिळूनही त्यात आकडे मोजकेच असतात. ते ताणले की मातीवर पट्टे उमटतात.