फेसकिड्यांचा वंश ठरवताना या चुका टाळा

पावसाने जोर धरला की खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर गवताच्या काड्यांना थुंकीसारखा फेस दिसू लागतो. फेसकिडे नावाच्या कीटकांची पिल्ले तो तयार करतात. त्याचा फोटो मोबाइलमधील ॲपला दाखवून मिळालेले ‘फिलेनस स्पुमॅरियस’ हे नाव तसेच नोंदवहीत उतरवणे, ही पहिली चूक होय. ती जाती मुख्यतः युरोप आणि समशीतोष्ण आशियातील आहे. आपल्याकडे क्लोव्हिया, पुफिलस, कॉस्मोस्कार्टा असे वेगळे वंश (जवळच्या जातींचे गट) आढळतात.

मुळात फेसावरून वंश ठरत नाही. फेस पिल्लाचा असतो आणि पिल्लांत वंशभेद ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. म्हणून त्या काडीवर मलमलीची पिशवी सैल बांधून प्रौढ कीटक बाहेर पडेपर्यंत थांबावे.

प्रौढ हाती आला की तो तुडतुडा नाही ना, याची आधी खात्री करावी. दहापट भिंगाखाली मागच्या पायाची नडगी पाहिली, तर तुडतुड्याच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा दिसतात, तर फेसकिड्याच्या नडगीवर एक-दोनच जाड काटे आणि टोकाशी काट्यांचे कडे असते. त्यानंतर कुल (वंशांचा मोठा गट) ठरवावे: दोन डोळ्यांच्या मधली पूर्ववक्षाची (डोक्यालगतच्या वक्षभागाची) पुढची कड सरळ असेल तर सर्कोपिडी, पुढे गोलावलेली असेल तर अफ्रोफोरिडी. कॉस्मोस्कार्टा पहिल्या कुलात मोडतो, क्लोव्हिया आणि पुफिलस दुसऱ्या. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील कीटकतज्ज्ञ डिस्टंट यांच्या 1908 च्या खंडात हे सारे वंश सर्कोपिडी या एकाच कुलात आहेत. त्यातील वर्णने आजही उपयोगी असली, तरी कुलाचे नाव तेथून जसेच्या तसे उचलू नये.

रंगावर तर मुळीच विसंबू नये. एकट्या फिलेनस स्पुमॅरियसची वीसच्या आसपास रंगरूपे ज्ञात आहेत, आणि जुन्या काळी अशा रूपांना स्वतंत्र नावेही दिली गेली.

जातीच्या नावापुढे लिहिल्या जाणाऱ्या, तिला नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावाभोवतीचा कंस ही शोभेची वस्तू समजून गाळला जातो, तेही चुकीचे. लिनिअसने 1758 मध्ये फिलेनस स्पुमॅरियसला ‘सिकाडा स्पुमॅरिया’ म्हटले होते. पुढे वंश बदलला, म्हणून आज ‘(लिनिअस, 1758)’ असे कंसात लिहितात, आणि नव्या वंशाच्या लिंगानुसार जातिनामाचा शेवटही बदलला.

जातीपर्यंत जायचे तर बहुधा नराची जननेंद्रिये तपासावी लागतात. केवळ मादी मिळाली असल्यास लेबलवर ठिकाण, तारीख, यजमान वनस्पती आणि वंशाचे नाव लिहून पुढे ‘जाती अनिश्चित’ अशी नोंद करावी.