टक्क्यांची बेरीज 300 कशी?

तीन जिल्ह्यांचा जून ते सप्टेंबरचा पाऊस 'आर' या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत मांडत होतो. प्रत्येक ओळीचा एकूण पावसातला वाटा काढला आणि सहज बेरीज केली, तर 300 टक्के! तासभर मूळ फाइलच तपासत बसलो. फाइल बिचारी निर्दोष होती.

घोळ डीप्लायरच्या (डेटा हाताळायचं 'आर'चं पॅकेज) ग्रुपिंगमध्ये, म्हणजे ओळींचे गट पाडण्यात होता. मी 'ग्रुप_बाय'मध्ये आधी जिल्हा, मग महिना दिला होता. 'समराइज' (प्रत्येक गटाचा सारांश काढणारी कमांड) चालल्यावर ग्रुपिंग पूर्ण जातं असा माझा समज. प्रत्यक्षात फक्त शेवटचा थर, म्हणजे महिना, गळतो. जिल्हा तसाच चिकटून राहतो. त्यामुळे पुढच्या 'म्यूटेट'मधली (नवा रकाना जोडणारी कमांड) 'सम', म्हणजे बेरीज, जिल्ह्यापुरतीच होत होती. प्रत्येकाचे 100, तिघांचे 300. कन्सोलवर तसा संदेश रोज दिसायचा, पण लाल अक्षरांकडे काणाडोळा करायची सवय!

'समराइज'नंतर 'अनग्रुप' लावलं आणि बेरीज 100 वर आली. 'समराइज'मध्येच 'डॉट ग्रुप्स' या पर्यायाला 'ड्रॉप' दिलं तरी चालतं. डीप्लायरच्या 2023 च्या 1.1.0 आवृत्तीपासून 'ग्रुप_बाय'ऐवजी 'डॉट बाय' हा पर्याय आहे. त्यात ग्रुपिंग तेवढ्या कमांडपुरतंच राहतं. मी आता तेच वापरतो. शंका आली तर टेबल नुसतं प्रिंट करा, वर 'ग्रुप्स' अशी ओळ दिसली की समजायचं, अजून चिकटलेलं आहे.