एबीएसचा दिवा लागला? नवा सेन्सर घेण्याआधी या चुका टाळा

जुन्या गाडीत एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो, बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर पुढच्या उजव्या चाकाचं नाव सांगतो आणि आपण त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलून मोकळे होतो. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. ही चूक मीही केली आहे. नवा सेन्सर बसवल्यावर कळलं, की स्टिअरिंगबरोबर वायर जिथे वाकते तिथे आतली तार तुटली होती. वरचं आवरण मात्र धडधाकट! कोड सर्किटकडे बोट दाखवतो, आणि सर्किटात सेन्सर, वायर, कनेक्टर, चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग (जिचे दाते सेन्सर टिपतो) सगळंच येतं.

म्हणून आधी मल्टिमीटर काढा. चुंबक आणि कॉइलवाल्या जुन्या सेन्सरचा रेझिस्टन्स बहुधा ८०० ते २००० ओमच्या दरम्यान असतो. आकडा गाडीगणिक बदलतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून पाहा. मीटर लावलेला असतानाच वायर हलवा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आकडा उडाला की दुखणं सापडलं. मात्र नंतरच्या गाड्यांत अॅक्टिव्ह, म्हणजे बाहेरून वीज घेऊन चालणारे, सेन्सर असतात. त्यांनाही दोनच वायरी, पण ओम मोजून काही कळत नाही, उलट सेन्सर बिघडू शकतो. कुठला आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

सगळ्यात जास्त फसवतो तो दिवा न लावणारा बिघाड. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी, पेडल थरथरतं आणि करकर ऐकू येते. लोक डिस्क बदलतात, पॅड बदलतात. प्रत्यक्षात ड्राइव्हशाफ्टवरच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्यावरच्या) रिंगखाली गंज फुगून ती तडकलेली असते. तडकलेल्या जागी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एबीएसच्या कंट्रोल युनिटला वाटतं की चाक एकाएकी मंदावलं. चाक लॉक होतंय असं समजून ते ब्रेकचा दाब सोडतं. तारेच्या ब्रशने रिंग साफ करा आणि चाक पूर्ण एक फेरा फिरवून बघा. तडा केसाएवढाही असू शकतो.

गंज सेन्सरच्या बैठकीतही साचतो आणि सेन्सरला रिंगपासून दूर ढकलतो. अडकलेला सेन्सर पकडीने ओढू नका, तुटून अर्धा आतच राहील. गंज सोडवणारं तेल मारा, थांबा, मग हळूहळू फिरवून काढा.

बेअरिंग बदलल्यावर दिवा लागला असेल, तर बहुधा ते उलटं बसलंय. काही बेअरिंगमध्ये दात्यांच्या रिंगऐवजी चुंबकीय पट्टी सीलमध्येच असते आणि ती सेन्सरकडेच हवी.

स्वस्तातला स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएसचे कोड सहसा ‘सी’ने सुरू होतात आणि ते त्याला दिसतच नाहीत. त्यामुळे ‘कोड नाही’ या उत्तरावर जाऊ नका.

सेकंडहँड गाडीत इग्निशन ऑन केल्यावर दिवा क्षणभर लागून विझतो का, तेही बघा. अजिबात लागत नसेल तर कुणीतरी बल्बच काढून ठेवलेला असू शकतो. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी चालवू नका. आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा.

दुरुस्तीनंतर दिवा उभ्या गाडीत विझलाच नाही, तर लगेच पुन्हा खोलाखोली नको. काही गाड्यांत चारही चाकांचे सिग्नल नीट आल्याची खात्री होईपर्यंत तो जात नाही. मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर चालवून बघा.