बारा बटणं आणि एकच ‘आय’

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. सौद्याला लागलेले लॉट मोबाइलवर दिसावेत म्हणून मी जावास्क्रिप्ट वापरून एक साधं वेबपेज केलं. १२ लॉट, प्रत्येकापुढे ‘वजन’ नावाचं बटण. पहिलं दाबलं तर ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे तिथे काही किंमतच नाही. सातवं दाबलं, तरी तेच. समोर शेतकरी खोळंबलेला. वडिलांनी शेवटी वही उघडली, ते मला फार लागलं.

रात्री बसून शोधलं. फॉर लूपमध्ये, म्हणजे तेच काम फेरीफेरीनं करणाऱ्या कोडमध्ये, मी ‘व्हार आय’ घेतला होता; ‘आय’ हे फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल आणि ‘व्हार’ हा ते तयार करायचा शब्द. प्रत्येक फेरीला एका बटणाला अ‍ॅडइव्हेंटलिसनर (क्लिक झाला की दिलेलं फंक्शन चालवणारं) लावायचं आणि त्यातल्या फंक्शननं वजनांच्या यादीतलं लॉट[आय] दाखवायचं. वाचायला अगदी बरोबर. पण लिसनरला दिलेलं फंक्शन तेव्हा चालतच नाही, नुसतं ठेवून दिलं जातं. चालतं ते बटण दाबल्यावर. तोवर लूप संपून आय १२ वर थांबलेला असतो, आणि लॉट तर ० ते ११ एवढेच.

‘व्हार’ लूपच्या महिरपी कंसात अडकत नाही, तो अख्ख्या फंक्शनचा असतो. म्हणून बाराही फंक्शनं एकाच आयकडे बघतात. अडतीत एकच पाटी टांगलीय, प्रत्येक लॉटला आधीचा नंबर पुसून नवा लिहिलाय आणि संध्याकाळी सगळे हमाल तीच पाटी वाचतायत, असं समजा. ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ लिहा. मग दर फेरीला नवा आय तयार होतो आणि त्या फेरीतलं फंक्शन आपलाच आय धरून ठेवतं, पोत्याला बांधलेल्या चिठ्ठीसारखं. बाहेरचं व्हेरिएबल असं धरून ठेवणं म्हणजेच क्लोजर. ‘व्हार’मध्येही क्लोजर असतंच, फक्त सगळ्यांच्या हातात एकच चिठ्ठी. ‘लेट’ जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात आलं, त्यामुळे त्याआधीच्या कोडमध्ये ‘व्हार’च भेटेल.

खात्री करायची तर कन्सोल.लॉग (ब्राउझरच्या कन्सोलमध्ये किंमत छापणारी ओळ) दोन ठिकाणी टाका: एक लूपमध्ये, एक क्लिकच्या फंक्शनमध्ये. दोन्हीकडचा आय शेजारी शेजारी दिसला की हे कायमचं डोक्यात बसतं.

अशीच आणखी एक चूक टाळा: लिसनरला फंक्शनचं नुसतं नाव द्या, पुढे कंस नको. कंस दिलात तर पेज उघडतानाच ते चालून जातं आणि बटण मुकं राहतं. एररही येत नाही, म्हणून हे लवकर सापडत नाही.

आता मी प्रत्येक बटणाला लिसनर लावतच नाही. पूर्ण टेबलला एकच लावते. बटणावरचा क्लिक वर टेबलपर्यंत पोचतोच. तिथे इव्हेंट.टार्गेटवर (क्लिक नेमका जिथे झाला तो भाग) क्लोजेस्ट वापरून, म्हणजे तिथून वर वर बघत, बटण शोधायचं. नल, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं तर क्लिक दुसरीकडे झालाय, तिथूनच परत फिरायचं. लॉटचा नंबर बटणाच्या डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (टॅगमध्ये आपली माहिती ठेवायची जागा) लिहून ठेवायचा. कोडमध्ये डेटासेटमधून वाचताना तो मजकूर म्हणून येतो, तेव्हा बेरीज करण्याआधी नंबर() मधून काढा, नाहीतर ११ अधिक १ चे १११ होतील.

याचा खरा फायदा दुपारी कळतो. सौदे चालू असताना टेम्पो येतो, तेरावा लॉट उतरतो, टेबलमध्ये ओळ वाढते. तिच्या बटणाला वेगळं काही लावावं लागत नाही. दाबलं की वजन दिसतं.