आधी ज्वालामुखी, मग भूपट्ट

भूपट्टसीमा (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, म्हणजे भूपट्टांच्या, कडा) आणि ज्वालामुखी हा भाग पहिल्यांदाच शिकवायला घेणार असाल तर एक सांगते: भूपट्टांचा रंगीत नकाशा पहिल्या तासाला फळ्यावर लावू नका. तो लावला की मुलांना उत्तर आयतं मिळतं आणि प्रश्न पडायचाच राहून जातो.

मी आधी जगाचा कोरा नकाशा वाटते, तोही प्रशांत महासागर मधोमध असलेला. नेहमीच्या नकाशात हा महासागर दोन कडांना तुटलेला असतो, त्यामुळे त्याच्याभोवतीचं ज्वालामुखींचं कडं नजरेत भरतच नाही. सोबत पंचवीस-तीस ज्वालामुखींची नावं आणि अक्षांश-रेखांश. स्मिथसोनियन संस्थेच्या सूचीत ते फुकट मिळतात. फुजी, पिनाटुबो, क्राकाटोआ, सेंट हेलेन्स, हेक्ला आणि किलाउआ यादीत हवेतच. पूर्व-पश्चिमेची गल्लत ठरलेली. इक्वेडोरचा कोटोपाक्सी ७८ अंश पश्चिमेला आहे. कुणीतरी तो पूर्वेला मांडतं आणि तो श्रीलंकेच्या दक्षिणेला भर समुद्रात जाऊन पडतो. लगेच खोडायला लावू नका, शेजारच्याचा नकाशा पाहून मूल स्वतःच चूक पकडतं.

ठिपके झाले की भूपट्टसीमा काढलेला ट्रेसिंग पेपर वर ठेवायचा. ‘जुळलं!’ असा गलका होतो आणि बरेच जण तास इथेच गुंडाळतात. मला विचाराल तर खरी मजा इथून पुढे आहे, कारण नीट पाहिलं तर ते तंतोतंत जुळत नाहीच. ईशान्य जपानचे ज्वालामुखी सागरी गर्तेच्या, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथल्या समुद्रतळावरच्या खोल घळीच्या, रेषेवर नाहीत, पश्चिमेला दोनशे किलोमीटरहून जास्त आत आहेत. हे अंतर मुलांना पट्टीने मोजायला लावा.

मग त्याच भागातले भूकंप खोलीनुसार रंगवून घ्या. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून ही माहिती उतरवून घेता येते. गर्तेजवळ उथळ भूकंप आणि पश्चिमेकडे जावं तसे खोल होत जाणारे, हा उतार म्हणजे खाली शिरणारा भूपट्टच. तो साधारण शंभर किलोमीटर खोलीवर पोहोचतो, त्याच्या वरच ज्वालामुखींची रांग उभी असते.

‘घर्षणाने भूपट्ट वितळतो म्हणून शिलारस (वितळलेला खडक) तयार होतो’ हे उत्तर वर्गात हमखास येतं. तिथे थांबा, घाई करू नका. बुडणाऱ्या भूपट्टातल्या खनिजांमधून पाणी बाहेर पडतं, ते त्याच्या वर असलेल्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, शिरतं आणि तिथल्या खडकाचा वितळणांक खाली येतो. मुख्यतः वितळतं ते हे प्रावरण. पाण्याने खडक वितळतो हे मुलांना पटायला वेळ लागतो, तो द्यावा. प्रावरण म्हणजे लाव्ह्याचा समुद्र, हा समजही याच वेळी काढून टाका. ते बहुतांशी घन आहे.

एवढं झालं की हिमालयाचा प्रश्न मुलंच विचारतात: तिथेही दोन भूपट्ट भिडलेत, मग ज्वालामुखी कुठे आहेत? तिथे आता खंडाला खंड भिडलाय, पाणी घेऊन खोल बुडणारा सागरी भूपट्ट उरलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन आंद्रेआसवर भूपट्ट एकमेकांना घासून सरकतात, म्हणून भूकंप होतात पण ज्वालामुखी नाहीत.

भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात त्या सीमांबाबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. यादी जमिनीवरच्या ज्वालामुखींची असेल, तर अटलांटिकचा मध्य रिकामा दिसतो आणि मुलं चुकीचा निष्कर्ष काढतात. पृथ्वीवरचा बहुतेक लाव्हा अशा सीमांवरच्या कटकांवरच, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरच, बाहेर येतो. आइसलँडमध्ये तो कटक पाण्यावर आलाय, एवढंच.

उरतो हवाई बेटांवरचा किलाउआ, सर्वांत जवळच्या सीमेपासूनही सुमारे ३,२०० किलोमीटर दूर. १९६३ साली भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी मांडलेली हॉटस्पॉटची कल्पना इथे आणा: शिलारसाचा स्रोत खाली जागच्या जागी राहतो आणि भूपट्ट त्याच्यावरून सरकत जातो. वायव्येला जावं तशी हवाई बेटं जुनी होत जातात, हे वयाच्या आकड्यांवरून मुलांना काढू द्या. भूपट्ट कुठल्या दिशेला सरकतोय हे त्यातूनच निघतं.

परीक्षेत व्याख्या विचारण्यापेक्षा मी एक काल्पनिक नकाशा देते: चार भूपट्ट, बाणांनी दाखवलेल्या दिशा, जमीन आणि समुद्र. ज्वालामुखी कुठे असतील ते दाखवा आणि कारण लिहा. रांग गर्तेच्या नेमकी कुठल्या बाजूला काढली आहे, हे मी सर्वांत आधी पाहते. निम्मे गुण तिथेच ठरतात.