जुन्या पद्मिनी गाडीचा फ्यूज सारखा जातोय? मग फ्यूजच्या जागी बल्ब लावा

फ्यूज गेला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी चालू करून देणारे कारागीर नांदेडपासून लातूरपर्यंत कुठंही भेटतील. त्यांना चहा पाजा, पण गाडीला हात लावू देऊ नका. चांदी जळत नाही आणि मग डॅशबोर्डमागची वायर जळते. ८ अँपिअरच्या जागी १६ चा फ्यूज ठोकणं हाही त्यातलाच प्रकार.

पद्मिनीतले जुने फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या दांडीवर बाहेरून बसवलेली पट्टी. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. पट्टी खरंच वितळली आहे का, ते आधी बघा. पुष्कळदा फ्यूज धडधाकट असतो, पण क्लिप ढिली पडलेली असते किंवा टोकांवर हिरवट थर चढलेला असतो. पॉलिश पेपरने घासा, क्लिपा किंचित आत दाबा. तेवढ्यावर भागलं तर पुढं वाचायची गरज नाही.

पट्टी जळालीच असेल तर त्याच अँपिअरचा नवा फ्यूज एकदा लावून बघा. टिकला तर चांगलंच. लगेच गेला तर आणखी फ्यूज जाळू नका, शॉर्ट शोधा, म्हणजे वायर बॉडीला कुठं चिकटलीय ते.

इथंच भलेभले अडकतात. मीही बरेच दिवस चाचपडलो, कारण सगळे सांगतात ‘बल्ब लावून बघ’, पण बल्ब काय सांगतोय ते कुणी सांगत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी काढा आणि फ्यूजच्या दोन्ही क्लिपांना जोडा. आता कितीही शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो, त्यामुळे वायर जळत नाही आणि तुम्हाला सवडीनं शोधता येतं.

पण बल्ब पेटला म्हणजे शॉर्ट सापडला, असं समजू नका. त्याच फ्यूजवरचे टेललाईट चालू असतील तरी तो मिणमिणतोच. वायपरची मोटर त्या लाईनवर असेल तर चांगला लखलखतो, आणि लोक बिचारी मोटर खोलून बसतात. म्हणून आधी त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब होल्डरमधून काढा, मोटर आणि हॉर्नच्या वायरी सोडवा, मगच स्विच टाका. आता लोड उरलेलाच नाही. तरीही बल्ब पूर्ण पेटला तर वायर कुठंतरी बॉडीला चिकटली आहे, यात शंका नको. हेडलाईटच्या लाईनला हेडलाईटचाच बल्ब लावा. पेटलेला बल्ब सीटवर ठेवू नका, कव्हर जळतं.

मग एकेक जोड सोडवत जा. ज्या जोडानंतर बल्ब विझला, दोष त्याच्या पुढं. फ्यूज फक्त खड्ड्यात जात असेल तर एकाला बल्बकडे बघत बसवा आणि तुम्ही वायरिंग हलवत फिरा: इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं भोक, स्टिअरिंगखालचा स्विच, सीटखालून डिकीकडे जाणारी वायर. परभणीकडची एक गाडी अशीच छळत होती. मागच्या फळीवर स्पीकर बसवताना कुणीतरी मारलेला स्क्रू टेललाईटच्या वायरीच्या कडेला घासत होता. इन्सुलेशनवर नखाएवढी चकाकती रेघ, बस्स. गाडी उसळली की फ्यूज गेला.

आपल्याकडे आणखी दोन शत्रू. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीतली जुनी वायर कडक होते आणि वाकवली की तडकते. आणि ज्या घरात कापूस साठवलाय तिथल्या शेडमध्ये उंदीर असणारच. तिथली गाडी असेल तर कार्पेट उचलून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

फ्यूज टिकतोय, पण इंडिकेटर टाकला की टेललाईटही लुकलुकतो? हा फ्यूजचा नव्हे, अर्थचा, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेचा दोष. बहुतेक वेळा नवा रंग मारताना अर्थच्या जागेवरही रंग बसलेला असतो. लाईट चालू ठेवून व्होल्टवर लावलेल्या मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल होल्डरच्या बॉडीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर रंग खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट कसा.

सेल्फ, चार्जिंग आणि इग्निशन जुन्या गाड्यांत सहसा फ्यूजवर नसतात. तिथून धूर निघाला तर फ्यूज बॉक्स उघडू नका, आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. त्यासाठी दहा नंबरचा पाना डिकीत नको, पुढच्या सीटखाली हाताशी ठेवा.